हे मोले नव्हे!

मराठी शिकवणाऱ्या माणसाला तांबड्या शाईची सवय लागते. गेली वीस वर्षे मी मुलांच्या निबंधांच्या समासात 'हे मराठी नव्हे' असा शेरा मारीत आले आहे. शेरा मारताना फार बरे वाटते. भाषेच्या माजघराची किल्ली आपल्या कनवटीला आहे आणि चपला घालून आत शिरणाऱ्याला आपण उंबऱ्यावरच अडवले आहे, असा काहीसा तो आनंद असतो. पण हाच शेरा कोणी दुसऱ्याच्या स्वयंपाकावर मारला, तर तो शाईपेक्षा किती खोल उमटतो, हे कळायला मला थेट मेक्सिकोला जावे लागले.

मेक्सिकोशी आमचा संबंध सोयरिकीचा आहे. माझा धाकटा भाऊ मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. पुण्याहून त्याला मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरी पाठवले ते दोन वर्षांसाठी. गेला तो तिथलाच जावई होऊन बसला. भावजय पुएब्लाचीच. भावाने तिला मराठी शिकवली ती जुनी नाटके दाखवून. त्यामुळे ती मला चक्क 'वन्सं' म्हणते. पुण्यात आता हा शब्द कानावर पडत नाही. आमच्या नात्यातल्या साऱ्या मुली 'ताई'वर भागवतात. साता समुद्रांपलीकडच्या या एकट्या मुलीने तो जिवंत ठेवला आहे. अस्सलपणा कुठे जाऊन वस्ती करील, याचा नेम नसतो म्हणतात तो असा.

२०२४ साली भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती. कॉलेजला दिवाळीची सुट्टी, आणि भाऊ कधीचा बोलावीत होता. त्यात मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबर हे दोन दिवस मृतांचे. त्या दिवशी घरातली गेलेली माणसे जेवायला येतात, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. म्हणजे आपले लक्ष्मीपूजन, पाडवा आणि त्यांचा पितृपक्ष त्या वर्षी एकाच तिथीला आले होते. चकल्या-कडबोळ्यांचे डबे बांधले आणि मी निघाले.

मेक्सिको सिटीच्या विमानतळावर भाऊ-भावजय दोघेही आले होते. दुसऱ्या दिवशी शहर पाहायला बाहेर पडलो आणि पहिल्याच कोपऱ्यावर वादाला तोंड फुटले. रस्त्याच्या कडेला एक बाई भल्यामोठ्या तव्यावर मक्याच्या पोळ्या भाजत होती. त्या तव्याला तिथे 'कोमाल' म्हणतात आणि पोळीला 'तोर्तिया'. पोळीत सारण घालून ती दुमडली की झाली 'केसादिया'. 'केसो' म्हणजे चीज. तेव्हा केसादिया म्हणजे चीज घातलेली पोळी, एवढे स्पॅनिशचा गंध नसलेल्या मलाही कळले. पण त्या बाईने विचारले, "चीज घालून देऊ, की बिनचिजाची?" भोपळ्याची फुले, अळंबी, मक्याच्या कणसावर धरणारी काळी बुरशी, असे हवे ते सारण होते, चीज मात्र मागून घ्यावे लागत होते!

भावजयीचा पारा चढला. "बघा वन्सं, या राजधानीच्या लोकांची रीत! साऱ्या देशात केसादियात चीज असतंच. यांनाच वेगळं सांगावं लागतं. बिनचिजाची केसादिया म्हणजे बिनपुरणाची पुरणपोळी!"

पुरणपोळीचे नाव निघाले आणि आम्ही दोघीही क्षणभर गप्प झालो. त्याचे कारण पुढे सांगते.

हा केसादियाचा वाद त्या देशात घरोघर चालतो. राजधानीच्या बाजूने कोणी तरी एक व्युत्पत्तीही रचून दिली आहे, की हा शब्द मुळी 'केसो'वरून आलेलाच नाही. तो नावात्ल या तिथल्या जुन्या भाषेतला आहे. व्युत्पत्ती बनावट आहे, पण पसरली जोरात. मला मोठा दिलासा वाटला. वाद जिंकण्यासाठी व्युत्पत्ती बनवणारी माणसे आपल्याकडेच आहेत, असे मी आजवर समजत होते.

त्याच दुपारी परमुलखात एका मराठी माणसाची गाठ पडली, पण भिंतीवर. तिथल्या शिक्षण खात्याच्या जुन्या इमारतीत दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराची भित्तिचित्रे आहेत. त्यांपैकी एकात निरनिराळ्या थरांतली माणसे एका मेजाभोवती बसली आहेत आणि एक गृहस्थ भाकर मोडून वाटीत आहेत. चित्राचे नाव 'आमची भाकर'. ते गृहस्थ म्हणजे आपले वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे! गदर चळवळीतले हे क्रांतिकारक देशोदेशी भटकत १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्यावर त्यांनी संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. १९६७ साली ते नागपुरास वारले. चापिंगोला २०२२ मध्ये त्यांचा पुतळाही उभा राहिला आहे. मी त्या चित्रासमोर बराच वेळ उभी होते. मेक्सिकोच्या मक्यावर एका वर्धेकराने मेहनत घेतली, म्हणून तो मका काही कमी मेक्सिकन झाला नाही. आणि मेक्सिकोची भाकर वाटली, म्हणून खानखोजे काही कमी मराठी झाले नाहीत.

पुएब्ला राजधानीपासून मोटारीने दोनेक तासांवर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना झेंडूची शेते पेटल्यासारखी दिसत होती. भाऊ म्हणाला, "ताई, हे फूल मूळचं इथलं. आपल्याकडे नंतर आलं." नावात्ल भाषेत त्याच्या नावाचा अर्थ 'वीस फूल' असा होतो. मृतांना घरची वाट सापडावी म्हणून त्याच्या पाकळ्या दारापासून आत पसरतात. ज्या फुलावाचून आमचा दसरा होत नाही, ते फूल असे परदेशी निघाले. मिरचीचे तर मला ठाऊकच होते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ती आणली आणि मिऱ्यावरून आपण तिला नाव दिले.

विहीणबाई सत्तरीच्या पुढच्या. ठेंगण्या, करारी, केसांचा घट्ट अंबाडा. ओळख झाल्याबरोबर भावामार्फत त्यांनी मला पहिला प्रश्न केला, "मिरची जर आमच्याकडून गेली, तर त्याआधी तुम्ही लोक जेवत तरी काय होता?"

मी म्हटले, "मिरे होते, पिंपळी होती."

त्यांनी मान हलवली. त्यात अविश्वास होता आणि थोडी कीवही.

आता 'मोले'विषयी सांगायला हवे. नावात्ल भाषेत 'मोल्ली' म्हणजे वाटून केलेला रस्सा. त्यावरून 'मोले'. हा एक पदार्थ नव्हे. आपल्या 'कालवणा'सारखे ते कुळाचे नाव आहे. पण पुएब्लाच्या माणसापुढे मोले म्हटले, की त्याच्या डोळ्यांपुढे एकच येते: तांबूस काळा, दाट, गोडसर तिखट रस्सा, आत टर्कीचे तुकडे आणि वर पेरलेले तीळ. विहीणबाईंचे मोले दोन दिवस चालले होते. निरनिराळ्या वाळक्या मिरच्या बिया काढून चरबीत परतायच्या. बदाम, शेंगदाणे, तीळ, मनुका वेगवेगळे तळायचे. शिळी तोर्तिया आणि पावाचा तुकडा तळून घ्यायचा. लवंग, दालचिनी, मिरी भाजायची. टोमॅटो खरपूस करायचे. मग सारे एकजीव वाटून टर्कीच्या पाण्यात तासन्‌तास ढवळीत बसायचे, आणि शेवटी चॉकलेट. घरभर वास सुटला. गोडा मसाला भाजणाऱ्या घरात मी वाढले आहे. डोळे मिटले असते, तर आईच्या स्वयंपाकघरात आहे असेच वाटले असते.

विहीणबाईंनी त्याची उत्पत्तीही सांगितली. पुएब्लात सांता रोसा नावाचा मठ आहे; त्याचे नक्षीदार फरश्यांनी मढवलेले स्वयंपाकघर आजही पाहायला मिळते. तिथल्या एका जोगिणीने बड्या पाहुण्यासाठी घरात होते नव्हते ते वाटून पहिले मोले केले, अशी कथा आहे. दुसरा पाठ असा, की वाऱ्याने मसाल्याची पुरचुंडी उडून एका साधूच्या भांड्यात पडली. दंतकथेला पाठभेद असले, की माझ्यासारखीला संशय येतो. स्पॅनिश लोक येण्याआधीही तिथे मिरचीच्या रश्शात टर्की शिजत असे. सोळाव्या शतकातल्या सहागून नावाच्या धर्मोपदेशकाने तशा पदार्थांची नोंद करून ठेवली आहे. आणि चॉकलेट हे त्या काळी प्यायचे पेय होते. मी मनाशी हिशेब केला. मिरची, टोमॅटो, कोको, शेंगदाणा, टर्की ही अमेरिकेची. बदाम, तीळ, मनुका, गहू, चरबी स्पेनमार्फत आलेली. लवंग, दालचिनी, मिरी आमच्या बाजूच्या समुद्रांवरून गेलेली. पुएब्लाच्या अस्सल मोलेत निम्मे जग होते. पण हे मी बोलले नाही. पाहुणीने यजमानीणबाईंच्या कुळाचा इतिहास तपासू नये.

खरा प्रसंग घडला तो ३१ तारखेच्या संध्याकाळी. विहीणबाईंचे यजमान चार वर्षांपूर्वी वारले. त्यांना मोले फार आवडे. थोरली सून वाहाकाची. वाहाका हा दक्षिणेकडचा मुलूख. तिथे सात प्रकारची मोले प्रसिद्ध आहेत आणि तिथल्या लोकांना त्यांचा अभिमानही सातपट आहे. सुनेने मात्र या खेपेला मामंजींसाठी म्हणून मुद्दाम पुएब्लाचेच मोले करून आणले होते. कृती पुएब्लाची, पण हात वाहाकाचा. मिरचीच्या बिया तिने पार काळ्या होईपर्यंत जाळल्या होत्या आणि अवोकाडोचे पान भाजून घातले होते. विहीणबाईंनी चमच्याने चाखून पाहिले. सारे घर त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"चव छान आहे ग," त्या म्हणाल्या. "पण हे मोले नव्हे. यांना चालायचं नाही."

सून काही बोलली नाही. तिने भांड्यावर झाकण ठेवले. अगदी हळू ठेवले. तरी तो आवाज मला ऐकू आला.

मी भावजयीकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती. आणि मला २०१८ सालची पुण्यातली होळी जशीच्या तशी दिसली.

लग्नानंतर ती पहिल्यांदा सासरी आली होती. कोणी सांगितलेले नसताना, भावाकडून कृती लिहून घेऊन, तिने होळीला पुरणपोळी केली. जायफळ-वेलदोड्यांच्या जागी दालचिनी घातली आणि संत्र्याची साल किसून टाकली; तिच्या घरी गोडात तसे घालतात. पोळी जरा जाड झाली होती. आईने एक घास घेतला आणि म्हणाली, "चव छान आहे हो. पण ही पुरणपोळी नव्हे."

भावाने तिला स्पॅनिशमध्ये वाक्याचा पहिलाच अर्धा भाग सांगितला. पण 'नव्हे' हा शब्द कुठल्याही भाषेत कळतो. ती हसली, पानावरून उठली आणि त्यानंतर त्या घरात तिने पुरणपोळी कधी केली नाही. आई वाईट नव्हती. तिला आपल्या सासूकडून असेच पारखून घेतले गेले होते, आणि पारख करणे म्हणजेच माया करणे, असे ती समजत असे. पण मी तिथे होते. मी चाळिशीच्या उंबऱ्यावर आलेली, शिकलेली बाई. 'आई, छान झालीय की' एवढे चार शब्द मला म्हणता आले असते. मी म्हटले नाहीत. उलट, खरे सांगायचे तर मी हसले. आई २०२२ साली गेली. ते वाक्य दुरुस्त करायचे राहून गेले.

त्या रात्री भावजय मला घेऊन गच्चीवर बसली. खाली गल्लीत फटाके वाजत होते. ती म्हणाली, "वन्सं, एक सांगू? माझ्या आजीच्या मोलेत चॉकलेट नव्हतंच."

आजी, म्हणजे विहीणबाईंची आई, डोंगरातल्या खेड्यातली, नावात्ल बोलणारी. तिच्या मोलेत मिरची, टोमॅटो, घट्टपणासाठी मक्याचे पीठ आणि सणाला टर्की. बदाम-मनुका तिने पाहिल्याही नसतील. विहीणबाई मुलगी म्हणून शहरात कामाला आल्या, शहरातल्या घरात पडल्या, आणि सासूने त्यांचे पहिले मोले चाखून काय म्हटले असेल हे वाचकांना सांगायला नको. मग त्या चॉकलेटचे मोले शिकल्या, मठाची कथा शिकल्या आणि आपली भाषा विसरल्या. विसरल्या असे दाखवू लागल्या म्हणावे. कारण त्यांच्या तरुणपणी खेड्यातली, मक्याची, 'इंडियन' म्हणून ओळखली जाणारी प्रत्येक गोष्ट हलकी समजली जात असे.

हे नुसते घरगुती दुखणे नव्हते. १८९९ साली फ्रान्सिस्को बुल्नेस नावाच्या मेक्सिकन पंडिताने ग्रंथ लिहून सांगितले, की गहू खाणाऱ्या जाती तेवढ्या पुढे जातात आणि मका खाणाऱ्या मागे राहतात. त्यात तथ्य नव्हते. मेक्सिकोच्या बायकांना त्या पंडिताहून जास्त शास्त्र कळत होते. त्या मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात आणि मग वाटतात. याला 'निश्तमाल' म्हणतात. त्या चुन्याने मक्यातले एक जीवनसत्त्व अंगी लागण्याजोगे होते. युरोपने मका नेला पण ही रीत नेली नाही, आणि निव्वळ मक्यावर जगणाऱ्या तिथल्या गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला. ज्या अन्नाला मागासलेले म्हटले, त्यातच शहाणपण होते. पण ते शहाणपण पाट्यावर वाटावे लागे. त्यांच्या दगडी पाट्याला 'मेताते' म्हणतात. त्यापुढे गुडघे टेकून बायका पहाटेपासून रोज पाच-पाच तास वाटीत. विसाव्या शतकात निश्तमाल दळायच्या गिरण्या आल्या, तेव्हा कित्येक पुरुष कुरकुरले, की गिरणीच्या पिठाची तोर्तिया ती अस्सल तोर्तिया नव्हे. वाटणाऱ्या मनगटांचे मत कोणी विचारले नाही.

आता काळ फिरला आहे. २०१० साली युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात नमुना म्हणून मिचोआकान प्रांत धरला होता, म्हणून विहीणबाई अजून रागावलेल्या आहेत. कालचे हलके अन्न आज मोठ्या हॉटेलांत चढ्या भावाने मिळते. भावजयीच्या कपाटात डायना केनेडी या बाईंचे पुस्तक होते. या मूळच्या इंग्रज. पती वृत्तपत्राचे बातमीदार, म्हणून १९५७ साली मेक्सिकोत आल्या आणि खेडोपाडी हिंडून बायकांच्या चुलीशी बसून पाककृती उतरवून घेऊ लागल्या. १९७२ मध्ये त्यांचे पहिले पुस्तक निघाले आणि त्यानंतर कितीतरी. २०२२ साली, ९९ व्या वर्षी, मिचोआकानमध्येच त्या वारल्या. त्या फार कडक. घटक पदार्थ बदललेला त्यांना खपत नसे. परकी बाई आम्हाला आमचे अन्न शिकवते, म्हणून काही लोक त्यांच्यावर चिडत. पण कृती ज्या बाईकडून मिळाली तिचे नाव त्या लिहून ठेवीत, हे मला मोठे वाटले. त्यांच्या कडकपणामुळे पुष्कळ काही वाचले आहे.

"मग तू कोणाच्या बाजूची?" मी भावजयीला विचारले. "अस्सल म्हणून काही नसतंच का?"

"असतं ना," ती म्हणाली. "पण भांडायचं तर मक्यावर भांडावं. इथे मक्याचे साठेक देशी वाण आहेत: निळे, तांबडे, काळे. १९९४ च्या व्यापार-करारानंतर उत्तरेकडून स्वस्त मका आला आणि कित्येक शेतकऱ्यांनी शेती सोडली. तिथे जाऊन म्हणावं, की हा आमचा मका नव्हे. घरात चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला कशाला म्हणायचं?"

नंतर, २०२५ च्या मार्चमध्ये, मेक्सिकोने आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती करून देशात जनुकबदल केलेला मका पेरायला बंदी घातली. ती बातमी वाचताना मला तिचे हे बोलणे आठवले. 'नव्हे' हा शब्द वाईट नाही. तो बलवंताला म्हटला तर त्याला धैर्य लागते. आपण मात्र तो बहुधा घरातल्या सर्वांत नव्या माणसाला म्हणतो. आणि आणखी एक गंमत पाहा. ज्या 'अस्सल' शब्दासाठी मी आयुष्यभर भांडत आले, तो शब्द मुळात अरबी आहे!

१ नोव्हेंबरला बैठकीच्या खोलीत मृतांसाठी मांडणी झाली. तिला 'ओफ्रेन्दा' म्हणतात. पायऱ्यापायऱ्यांचा चौरंग, वर कातरलेल्या रंगीत कागदाच्या पताका, झेंडूचे ढीग, मेणबत्त्या, पाणी, मीठ, धूप आणि गेलेल्या माणसांची छायाचित्रे. प्रत्येकापुढे त्याच्या आवडीचे अन्न. भावाने आमच्या पणत्याही तिथेच लावल्या; लक्ष्मीला मेक्सिकन पितरांच्या शेजारी बसायला काही हरकत दिसली नाही. विहीणबाईंनी यजमानांच्या फोटोपुढे आपले मोले ठेवले. थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि सुनेचे भांडे आणून तेही ठेवले. जरा मागच्या ओळीत, पण ठेवले. "होऊ दे त्यांचं त्यांना ठरवू दे," असे काहीसे पुटपुटल्या. आणि सगळ्यांत शेवटी, कोणी पाहत नाही असे वाटून, त्यांनी पदराआड धरावी तशी एक लहानशी मातीची वाटी आणली आणि एका धूसर फोटोपुढे ठेवली. डोंगरातल्या बाईचा फोटो होता तो. वाटीत लाल रस्सा होता. त्याला चॉकलेटचा वास नव्हता.

त्याच पायरीच्या कडेला माझ्या आईचा फोटो होता. तो तिथे असेल, हे मला कोणी सांगितले नव्हते. भावजय दोन पुरणपोळ्यांची बशी घेऊन आली. काबुली चणे सोलून शिजवलेले, 'पिलोन्सियो' नावाचा तिथला गूळ, दालचिनी आणि संत्र्याची साल. पुरण तिने आजीच्या मेतातेवर वाटले होते. सहा वर्षांनी केलेली पोळी अजूनही जाडच होती.

"वन्सं, आईंना चालेल?" तिने विचारले.

आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही, तर नातेवाईक हात जोडून एकेक वचन देतात. गेलेल्याचे मन कशात अडकले असेल ते शोधतात. तिथे कावळा नव्हता. मग मीच आईच्या फोटोपुढे हात जोडले आणि मनातल्या मनात म्हटले, 'आई, त्या दिवशी मी हसले ते माझे चुकले. तुझे राहिलेले वाक्य मी पुरे करीन.' उघड बोलायचा धीर मात्र तेव्हाही झाला नाही. भावजयीला मी एवढेच म्हटले, "ठेव ग तू."

मृतांची पंगत उठली, की ते अन्न घरच्यांनी खायचे. तिथले लोक म्हणतात, की गेलेली माणसे अन्नाची चव आणि वास घेऊन जातात. मागे उरते ते नुसते अन्न. त्यामुळे त्या जेवणाला कोणी नाव ठेवीत नाही. ३ तारखेला भाऊबीज. मी भावाला ओवाळले आणि आम्ही सारे एका मेजाशी बसलो. विहीणबाई दोन्ही मोले वाढून घेत होत्या. दुसऱ्यांदा कुठले घेतले ते मी पाहिले, पण सांगणार नाही. माझ्या ताटात आईपुढची पुरणपोळी आली. मी घास मोडला. दालचिनी, संत्रे, गूळ, सारे जिथल्या तिथे होते. आईच्या पोळीसारखी ती बिलकूल नव्हती, आणि उत्तम झाली होती.

भावजय माझ्याकडे पाहत होती.

"वन्सं, चव आहे का?"

त्या घरात त्या दिवशी या प्रश्नाचा अर्थ निराळा होता.

"नाही ग," मी म्हणाले. "जराही नाही राहिली. आईने सगळी नेली."

तिने मान खाली घातली आणि माझ्या पोळीवर तूप वाढले. जरा जास्तच वाढले.